अकरा वाजता आणि तीन वाजता

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं बाईंनी एकच काम केलं होतं. शहराच्या पोटातून कुठली नळवाहिनी कुठे जाते त्याचे कागद सांभाळायचे. काही कागद त्यांच्या जन्माआधीचे, कापडावर डकवलेले. रस्ता खणायच्या आधी इंजिनियर फोन करायचे, "बाई, शाळेच्या मागच्या गल्लीत काय आहे?" पाच मिनिटांत बाई सांगायच्या, "बारा इंची बिडाची, साडेचार फूट खोल. शेजारी एक सहा इंची लागेल, तिला घाबरू नका. ती कधीच बंद केलेली आहे."

खातं नव्या इमारतीत हललं तेव्हा नकाशांची कपाटं मागे राहिली. सपाट, रुंद खणांची सोळा लोखंडी कपाटं. इतकं वजन नव्या मजल्याला झेपणार नाही, असं तिकडच्या लोकांनी लिहून दिलं होतं. कपाटं जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहिली आणि त्यांच्याबरोबर बाई राहिल्या. "सहा महिन्यांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले होते. त्याला सहा वर्षं झाली.

ज्या दालनात पूर्वी चाळीस माणसं बसायची, तिथे आता बाईंचं एक टेबल, एक फोन आणि मान हलवणारा एक टेबलफॅन. टेबलं जिथे होती तिथे फरशीवर फिकट चौकोन उमटले होते, आणि कोणत्या चौकोनावर कोण बसायचं ते बाईंना पाठ होतं. दुसरा मजला रिकामा. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान. दहा ते पाचमध्ये कधीकधी एकही शब्द बोलायची वेळ यायची नाही, आणि दुपारी अचानक फोन आला की पहिलं वाक्य घशात अडकायचं. सात नंबरचं कपाट हट्टी होतं. त्याच्याशी त्या अहो-जाहो करत, कारण अरे-तुरे केलं की ते उघडत नाही असा त्यांचा अनुभव होता.

घरीही त्या एकट्याच. आई गेल्यापासून दोन खोल्या आणि त्या. थोरला भाऊ आणि वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे.

त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला बाई स्टुलावर चढून सात नंबरचा सगळ्यात वरचा खण ओढत होत्या. खण बाहेर पडू नये म्हणून मागे जी अडणी असते ती झिजून गेली होती. खण अख्खा हातात आला. बाई पाठीवर पडल्या आणि खण त्यांच्या पायावर. दोन कपाटांच्या मधल्या बोळात, एक हात अंगाखाली, उजवा पाय नडगीपाशी नको त्या दिशेला.

फोन चौदा पावलांवर टेबलावर. मोबाइल पर्समध्ये, पर्स टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पहिला अर्धा तास त्यांनी हाका मारल्या. खाली रिकामा मजला, त्याखाली दुकान, बाहेर रस्ता. मग त्या थांबल्या, कारण आपलाच आवाज ऐकून त्यांना भीती वाटू लागली होती. सव्वाअकराला फोन वाजला. थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी बाई श्वास रोखून ऐकत राहिल्या, आणि दर वेळी तो आपला आपण बंद झाला. दुपारी तहानेने जीभ टाळूला चिकटली.

साडेचारला झाडणाऱ्या मावशी आल्या. त्या आठवड्यातून दोनदाच यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी.

"अहो बाई, कधीपासून?"

"पावणेअकरा."

मावशींनी आधी पाणी आणलं, बाईंचं डोकं मांडीवर घेऊन पाजलं, मग चष्मेवाल्यांना हाक मारायला खाली धावल्या.

पायाला प्लास्टर बसलं आणि बाई सहा आठवडे भावाकडे राहिल्या. भाऊ रोज म्हणायचा, "पुरे झालं आता. राजीनामा दे आणि इथेच राहा." वहिनी म्हणायच्या, "तुम्ही गप्प बसा हो. इथे तरी त्यांनी दिवसभर काय करायचं, माझी लुडबुड बघायची?" बाई हसायच्या. रात्री झोप लागली नाही की मात्र एकच विचार यायचा. तो मंगळवार होता म्हणून. बुधवार असता तर?

एकदा खात्यातला एक इंजिनियर भेटायला आला, फळं घेऊन. "मी तीनदा फोन लावला होता बाई. मग म्हटलं, जेवायला गेल्या असतील."

"सकाळी अकराला?" बाईंनी विचारलं.

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पायाचं दुखणं औषधाने कमी होत होतं, याला औषध नव्हतं.

त्या कामावर परतल्या तेव्हा दालनात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. छताला एक कॅमेरा, आणि टेबलावर एका खोक्यात मनगटाला बांधायचा पट्टा. सोबत सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीचा कागद. दहा मिनिटं हालचाल झाली नाही तर पट्टा ओरडणार. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ माणूस जागेवर नसेल तर नव्या इमारतीत साहेबांच्या पडद्यावर नोंद उमटणार. सगळं तुमच्या सुरक्षिततेसाठी, असं शेवटी लिहिलं होतं.

आता बाईंचं काम म्हणजे भिंग डोळ्याला लावून पुसट झालेली रेघ तासभर शोधायची. त्यात हलून कसं चालेल? पट्टा दर दहा मिनिटांनी किंचाळायचा आणि रेघ हरवायची. मग त्या वर्गातल्या मुलीसारखा अधूनमधून हात वर करू लागल्या. जेवणाचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडायचा त्यांना संकोच वाटे. चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून जेवल्या. पाचव्या दिवशी त्यांना कळलं की कॅमेऱ्याची नजर सहा आणि सात नंबरच्या कपाटांमधल्या बोळात पोचत नाही. जिथे पडल्या होत्या, नेमक्या तिथेच त्या स्टूल टाकून जेवू लागल्या.

मग एके दिवशी साहेबांचा फोन आला.

"बाई, काल दुपारी बावीस मिनिटं तुम्ही जागेवर नव्हता."

बाई म्हणाल्या, "पोट बिघडलं होतं."

"हो का. नाही, नोंद आली म्हणून विचारलं."

एकतीस वर्षांत कुठल्याही साहेबाने त्यांच्या पोटाची चौकशी केली नव्हती. रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. त्यांनी पट्टा सोडला, टेबलफॅनच्या मानेला गुंडाळला आणि बटण दाबलं. पंखा डावीकडे बघू लागला, उजवीकडे बघू लागला. पट्टा समाधानी होता. बाईंनी भिंग उचललं आणि त्या दुपारी दोन हरवलेल्या रेघा शोधून काढल्या.

हे तीन आठवडे चाललं. एका शनिवारी त्या पंखा बंद करायला विसरल्या. सोमवारी नव्या इमारतीतल्या नोंदीत दिसलं की नकाशेबाई दोन दिवस आणि दोन रात्री न बसता खोलीत फेऱ्या मारत होत्या.

सुरक्षा अधिकारी स्वतः आले. पन्नाशीचे, जाडसर, तीन जिने चढून घामाघूम झालेले. बाईंना फक्त त्यांची सही माहीत होती. त्यांनी दारातच पंख्याच्या मानेवरचा पट्टा पाहिला. बाईंनी तो लपवला नाही.

अधिकारी खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली. "पंखा तुमच्यापेक्षा जास्त चालतो," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी इथे पहिल्यांदाच येतोय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कॅमेरा लावणारा सोडला तर इथे कोणीच आलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला. त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला काय हवंय? पुन्हा पडलात तर?"

बाईंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, पण उत्तर तयार होतं. त्या सहा आठवड्यांत ते तयार झालं होतं. "मी काय करते ते कोणाला कळायला नको. मी आहे की नाही, एवढं कळलं की झालं. आणि नाही असं वाटलं, तर कोणीतरी यावं. जेवायला गेल्या असतील असं म्हणू नये."

"पडलात कुठे ते दाखवा."

बाईंनी बोळ दाखवला. अधिकाऱ्यांनी तिथलं स्टूल आणि जेवणाचा डबा पाहिला, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि एकदम ओशाळले. मग त्यांनी चपला काढल्या, त्या फरशीवर उताणे झोपले आणि एक हात अंगाखाली घेऊन दुसरा लांब केला. त्यांचं पोट दोन कपाटांच्या मधे जेमतेम मावत होतं. "इथपर्यंत पोचतोय," ते खालूनच म्हणाले. "पेन्सिलने खूण करा." बाईंनी भिंतीवर फरशीपासून वीतभर उंचीवर खूण केली. मग ते खोलीभर तसेच आणखी पाच ठिकाणी झोपले. सहा खुणा झाल्या.

महिन्याभरात त्या सहा जागी घंटीची बटणं बसली. घंटी खालच्या चष्म्याच्या दुकानात वाजायची आणि वरची एक किल्ली चष्मेवाल्यांकडे राहायची. खणांना नव्या अडण्या आल्या. डुगडुगणारं स्टूल गेलं, दोन्ही बाजूंना कठडा असलेली छोटी शिडी आली. कॅमेरा काढायला मात्र सात पत्रं लिहावी लागली. ती अधिकाऱ्यांनीच लिहिली.

खात्यात असे एकटे काम करणारे आणखी चारजण निघाले. ते आतापर्यंत कोणी मोजलेच नव्हते. त्यांच्यासाठी अधिकाऱ्यांनी अर्ध्या पानाचा नियम लिहिला. त्यातली निम्मी वाक्यं बाईंची होती. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला प्रत्येकाने पुढच्याला फोन करायचा. "आहे?" विचारायचं, "आहे" म्हणायचं. बाकी काही विचारायचं नाही. कोणाला बाहेर जायचं असेल तर त्याने "तासभर नाही" एवढं सांगायचं, कारण सांगायचं नाही. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा. तरी उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याने जाऊन बघायचं. कागदावर फक्त बरोबरची खूण करायची आणि शनिवारी तो कागद फाडून टाकायचा. साहेबांकडे काही जाणार नाही.

बाईंना तक्रार खिडकीवरची कारकून फोन करायची, तिला सदा घाई. आणि बाईंनी फोन करायचा तो पाइपांच्या कोठारात, शहराच्या टोकाला, तिथल्या स्टोअरकीपरला.

"आहे?"

"आहे." आणि खट्.

तीन वाजता पुन्हा तेच. आवाज भरदार, घोगरा. बाईंनी मनात एक धिप्पाड माणूस उभा केला, जाड मिशांचा. त्याच्यामागे एक पंखा टकटक करायचा. पावसाळ्यात पत्र्यावर आवाज असायचा. हिवाळ्यात तो खोकायचा. महिने गेले आणि बाईंना त्या एका शब्दावरून त्याचा दिवस कळू लागला. कधी "आहे" तुटक, कधी थकलेलं, कधी नुकतंच काहीतरी खाल्ल्यासारखं. दिवसाला दोन शब्द, पण कोणीतरी फक्त त्यांच्यासाठी उच्चारलेले.

एका दुपारी त्याने फोन उचलला नाही. दहा मिनिटांनीही नाही. बाईंनी त्याच्या समोरच्या वेल्डिंगवाल्याला कळवलं. तो किल्ली घेऊन गेला, तर स्टोअरकीपर गोणपाटांच्या ढिगावर घोरत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला तिकडून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य आलं. "बाई, माणसाने दुपारी डोळा मिटायचा नाही का?"

"मिटा की. पण आधी सांगा, तासभर नाही म्हणून."

"मग विचाराल कशासाठी."

"नाही विचारणार."

तिकडे थोडा वेळ नुसता पंखा टकटकत राहिला. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर आठवड्यातून एखाद्या दिवशी तो "तासभर नाही" म्हणू लागला. बाईंनी कधी विचारलं नाही. आपण शब्द पाळतो याचा त्यांना अभिमान होता. कधीकधी मात्र, खिडकीबाहेर ऊन उतरत असताना, त्यांना विचारावंसं फार वाटायचं.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी, तीन दिवस जोडून सुट्ट्या लागल्या म्हणून खात्याने सगळ्यांना एक वाजता सोडलं. तीनचा फोन आज नको, असा निरोप सकाळीच आला होता. बाई थांबल्या. त्यांना घरी जायची घाई कधीच नसायची. तीन वाजले तेव्हा हात सवयीने फोनकडे गेला, आणि गेलाच आहे तर म्हणून त्यांनी नंबर फिरवला.

घंटी वाजत राहिली. साहजिक होतं, माणूस घरी गेला असणार. पण बाईंना सकाळचं बोलणं आठवलं. अकराला तो म्हणाला होता, "आहे. आज दोनला पाइपांची गाडी यायची आहे." न मागता दिलेली एवढी माहिती पहिलीच. गाडी दोनला येणार असेल तर तो एकला कसा जाईल? आणि गाडी उतरवायला तासाच्या वर लागतो, मग तीनला तो तिथेच हवा.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. मग वेल्डिंगवाल्याला लावला. तो सुट्टीसाठी गावी निघाला होता, बसमध्ये होता. सुरक्षा अधिकारी संपर्क क्षेत्राबाहेर. शेवटी साहेब.

"बाई, सुट्टी लागली. तो घरी गेला असेल. तुम्हीही जा आता."

"त्यांचा घरचा नंबर आहे का?"

"त्याच्या कागदावर घरचा नंबरच नाही."

बाईंनी पर्स उचलली. जिना उतरताना त्यांना आपलं हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. माणूस घरी आरामात बसलेला असणार. मंगळवारी त्याला कळेल की ही बाई कोठारापर्यंत जाऊन आली, आणि तो पुन्हा एका शब्दावर येईल. तरी त्या बसस्टॉपवर गेल्या.

बसला सव्वा तास लागला. शेवटच्या थांब्यापासून लांब भिंतीच्या कडेने चालायचं होतं, आणि उजवा पाय अजूनही उतारावर कुरकुर करायचा. फाटक लोटलेलं होतं. अंगणात पाइपांच्या राशी. कोठाराचं मोठं शटर खाली, बाहेरून कुलूप. शेजारच्या ऑफिसच्या खोलीलाही कुलूप. म्हणजे बंद करून सगळे गेले. बाई पायरीवर बसल्या. पाय चोळताना त्यांना छपरीखाली एक सायकल दिसली, हँडलला जेवणाची पिशवी अडकवलेली. सायकल कोणाची ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण जेवणाची पिशवी कोणी तीन दिवस मागे ठेवून जात नाही.

त्यांनी शटरवर हात मारले. हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना या माणसाचं नाव माहीत नाही. दीड वर्ष रोज दोनदा फोन केला होता. "अहो स्टोअरवाले," त्या म्हणाल्या, मग मोठ्याने म्हणाल्या. काही नाही. भिंतीच्या कडेने त्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे पायाजवळ एक जुना लोखंडी नळ भिंतीतून बाहेर आला होता. आयुष्यभर नळांच्या रेघा वाचलेल्या बाईंनी एक दगड उचलला आणि नळावर तीनदा ठोकला.

आतून, कुठूनतरी खालून, तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

बाई तिथेच मातीत बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. पत्ता दोनदा सांगावा लागला.

कुलूप कापलं गेलं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. झालं होतं ते एवढंच. गाडी लवकर आली, हमालांना घरी जायची घाई होती. स्टोअरकीपर तळघरात व्हॉल्व्ह लावत होता. अंगणाच्या रखवालदाराला वाटलं सगळे गेले. त्याने शटर ओढलं, कुलपं लावली आणि तो गावी गेला. फोन ऑफिसच्या खोलीत, मोबाइलही तिथेच.

शटरखालून वाकून जो बाहेर आला तो ठेंगणा, किडकिडीत माणूस होता. मिशा नव्हत्या. बाह्या गंजाने लाल झाल्या होत्या. हातातला पाना त्याने अजून सोडला नव्हता. जवानांनी दिलेलं पाणी तो पीतच राहिला. मग त्याने बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"अकरा आणि तीन," बाई म्हणाल्या.

आवाजावरून त्याने ओळखलं. "आज तर फोन नव्हता."

"नव्हता."

बसस्टॉपजवळच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. फोनवर एक शब्द पुरायचा. इथे समोरासमोर बसल्यावर काय बोलावं ते सुचेना. तो कपात बघत म्हणाला, "मंगळवारी सकाळी उघडलं असतं."

"घरी कोणी..." बाईंनी जीभ चावली. हे नियमात नव्हतं.

"घराला कुलूप आहे," तो म्हणाला. "बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा लांब असतो, रविवारी फोन करतो. नाही उचलला तर समजतो, बाबा झोपले असतील." मग तो म्हणाला, "ते मी तासभर नाही म्हणतो ना, तेव्हा मागे भिंतीशी जाऊन बसतो. काही करत नाही. नुसता बसतो. ती असताना त्या वेळेला डबा घेऊन यायची."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगितलं."

बस आली. बाई चढल्या. खिडकीतून पाहिलं तर तो सायकल हातात धरून उभा होता, पण बस सुटायच्या आधीच त्याने तोंड फिरवलं, बहुतेक डोळे पुसायला. बाईंनीही मग समोर पाहिलं. सव्वा तास त्या विचार करत होत्या. त्यांच्या कागदावर घरचा नंबर होता, पण तो त्यांच्याच रिकाम्या घरात वाजला असता.

मंगळवारी नव्या इमारतीत बैठक झाली. साहेबांनी पुन्हा कॅमेऱ्याचा विषय काढला. स्टोअरकीपर, जो बैठकीत कधी बोलत नसे, म्हणाला, "कॅमेऱ्यात काय दिसलं असतं साहेब? बंद शटर." सुरक्षा अधिकाऱ्यांनी शटरला आतून उघडणारी कडी बसवली, तळघरात घंटी बसवली, आणि अर्ध्या पानाच्या नियमात एक ओळ वाढवली. ऑफिस लवकर सुटणार असेल तर सुटताना एक फोन करायचाच, आणि समोरचा "निघालो" म्हणेपर्यंत आपण निघायचं नाही.

फोन पूर्वीसारखेच चालू राहिले. फरक एवढाच पडला की "आहे" नंतरचं खट् थोडं उशिरा यायला लागलं. मधे दोघंही काही बोलत नसत.

चौदा महिन्यांनी तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी तीन वाजता तो म्हणाला, "आहे." मग म्हणाला, "उद्यापासून नाही."

"कळलं," बाई म्हणाल्या. आणखी काही म्हणायला हवं होतं. सुचेपर्यंत फोन ठेवला गेला होता. त्यांनी कागदावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्या नंबरावर एका मुलीचा आवाज होता. तो चांगला होता, हसरा होता. बाईंनी आठवडाभर दम धरला, मग आस्थापनेच्या कारकुनाला फोन करून स्टोअरकीपरचा घरचा पत्ता आणि नंबर मागितला.

"खाजगी माहिती देता येत नाही, बाई," तो म्हणाला. "हा आग्रह तर तुमचाच होता."

त्याचं बरोबर होतं. फोन ठेवून बाई हसल्या, आणि मग हसू कधी ओसरलं ते त्यांना कळलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा घरचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून कारकुनाकडे पाठवला आणि विनंती केली की निवृत्तीच्या कागदांबरोबर तेवढा लावून द्या. करायचा की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी फोन आला. मागे लहान मुलांचा गोंधळ, टीव्ही, भांडी.

"मुलाकडे आलोय," तो म्हणाला. "इथे सात माणसं आहेत. उठलो की कोणीतरी विचारतं, बाबा कुठे चाललात. बसलो की विचारतात, बाबा काय झालं."

"बरं आहे की."

"हो, बरं आहे. तुमचं?"

"चाललंय."

त्याला कोणीतरी हाक मारली. "ठेवतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. बाईंनी आलेला नंबर लिहून ठेवला, पण स्वतःहून केला नाही. सात माणसांत फोन कोणाचा म्हणून त्याला सातजणांना सांगावं लागलं असतं.

बाईंच्या नोकरीचं आता एक वर्ष उरलंय. नियम खात्याबाहेरही गेला आहे, वाचनालयाने घेतला, टपाल कार्यालयानेही घेतला म्हणतात. त्या अर्ध्या पानावर बाईंचं नाव कुठे नाही.

भावाला कोठाराची हकीकत कळली. पुढच्या रविवारपासून त्याने फोन सुरू केला. त्याला एक शब्द पुरत नाही. पाय कसा आहे, गोळी घेतलीस का, दाराला आतून कडी नको लावू, काल कुठे गेली होतीस, काय जेवलीस, एवढंसंच का. मागून वहिनी ओरडतात, "अहो, त्यांना श्वास तरी घेऊ द्या." बाई खुर्ची ओढून बसतात आणि एकेक उत्तर देतात. मग फोन ठेवून भिजवलेले कपडे धुवायला उठतात.